जनरल रजिस्टर, खंड तिसरा

२०२३ ची दिवाळी उरकली होती, फराळाचे डबे अजून रिकामे व्हायचे होते, तेवढ्यात शाळेच्या हेडक्लार्कचा फोन आला.

"बाई, तुम्हाला मोडी येतंय न्हवं?"

येतंय म्हणजे वाचता येतंय. निवृत्तीनंतर लगेच लॉकडाउन लागला आणि घरात बसून दुसरं करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मोडीचा एक वर्ग केला होता. वडिलांच्या ट्रंकेत आजोबांचे कागद पडून होते, ते लावावेत एवढाच हेतू. त्यातून निघालं काय, तर कुणाला तरी दिलेल्या बारा रुपयांच्या उसनवारीची चिठ्ठी. ते पैसे परत आल्याची नोंद काही सापडली नाही.

"या की मग उद्या. वरनं पत्र आलंय. सगळी जुनी रजिस्टरं तपासून द्यायची हायत. आठ दिवसांत."

त्या आठ दिवसांचे पुढं अडीच महिने झाले. शाळेचा इतिहास लिहायचं वगैरे माझ्या मनातही नव्हतं. मी गेले होते ती कुणबी नोंदी शोधायला.

ते पत्र कसलं, हे आधी सांगते. सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. आधी तिचं काम मराठवाड्यापुरतं होतं, मग ते राज्यभर झालं. मराठा कुटुंबांच्या जुन्या कागदांत कुठं 'कुणबी' अशी नोंद आहे का, हे हुडकायचं. कुणबी इतर मागासवर्गात येतात आणि त्या दाखल्याला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा. या तीन तारखा कुठल्याही शाळेच्या क्लार्कला स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्क्या पाठ असतात. जमिनीचे कागद, जन्ममृत्यूची रजिस्टरं आणि शाळा, या तीन ठिकाणी गरिबाचं नाव लिहिलेलं असतं. म्हणून शाळांनाही पत्रं गेली.

मी याच शाळेत शिकले आणि याच शाळेत पस्तीस वर्षं मराठी शिकवलं. पंचगंगेकडं उतरत जाणाऱ्या पेठेतली खासगी शाळा. ती दरबारची नव्हती, नगरपालिकेची नव्हती, कुठल्या मोठ्या संस्थेची शाखाही नव्हती. आमच्याकडं तिला 'मास्तरांची शाळा' म्हणायचे, कारण चार मास्तरांनी भाड्याच्या वाड्यात ती काढली होती. एवढी वर्षं तिथं काढून मी जनरल रजिस्टर उघडून वाचलं नव्हतं. मास्तरांचा संबंध हजेरीपटाशी. जनरल रजिस्टर हे ऑफिसचं दैवत, त्याला हात लावायचा तर हेडक्लार्कच्या परवानगीनं आणि हात धुऊन.

रेकॉर्ड रूम म्हणजे जिन्याखालची खोली. दोन लोखंडी कपाटं. एकाची किल्ली मुख्याध्यापकांकडं आणि दुसऱ्याची कुणाकडंच नाही. शिपाईमामा त्याच्या वरच्या कोपऱ्यावर एक ठरावीक बुक्की घालतात आणि दार उघडतं. आत डांबराच्या गोळ्या, वाळलेला कडुलिंब आणि २०१९ च्या पुराचा वास. कोल्हापुरात जुलै लागला की माणसं एकमेकांना 'जेवलास का' विचारायच्या आधी 'किती फूट झालं?' विचारतात. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. त्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं आणि जिन्याखालच्या कपाटाचा तळचा कप्पा भिजला. मामांनी एकेक पान सुटं करून, मध्ये वर्तमानपत्राचे कागद घालून, वर्गातल्या पंख्याखाली ती बाडं वाळवली होती. गंमत अशी की साठ-सत्तरच्या दशकातली निळी शाई फुटून पानभर पसरली होती आणि शंभर वर्षांपूर्वीची काळी शाई जागची हलली नव्हती.

पहिल्या दिवशी आम्ही सगळे खंड टेबलावर मांडले. प्राथमिक विभागाचे दोन, मोडीत. हायस्कूलचे इंग्रजीत, १९४९ नंतर हळूहळू मराठीत. एक, दोन, चार, पाच...

"तीन कुठाय?"

"मी लागलो तवापासनं न्हाई," हेडक्लार्क म्हणाले. चार्ज यादी काढून दाखवली. त्यांच्या आधीच्या क्लार्कनं, त्याच्याही आधीच्यानं, प्रत्येकानं चार्ज देताना एकच ओळ उतरवली होती: 'खंड ३ उपलब्ध नाही.' घरातल्या परागंदा झालेल्या चुलत्याचं नाव वंशावळीत असावं, तसा तो खंड यादीत राहिला होता.

ज्यांनी कधी जनरल रजिस्टर पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. एका मुलाला एक आडवी ओळ, दोन पानांवर पसरलेली. अनुक्रमांक, नाव, जात व पोटजात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आधीची शाळा, दाखल झाल्याची तारीख व इयत्ता, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, सोडल्याचं कारण, शेरा. माणूस जन्मभर जो 'शाळा सोडल्याचा दाखला' घेऊन हिंडतो, तो म्हणजे याच ओळीची नक्कल. आणि मुलगा शाळा सोडून गेला की ती ओळ गोठते. उघड लेखनचूक सोडली तर त्यात बदल करता येत नाही, असं माध्यमिक शाळा संहिता सांगते. हे रजिस्टर रद्दीतही घालता येत नाही, जन्मभर जपायचं. शाळेच्या जन्मभर.

मोडी वाचणं हा प्रकार दुरून फार रम्य वाटतो. जवळून तो डोळे फोडणारा आहे. लिहिणारा आधी पानभर आडव्या रेघा ओढून घेतो आणि मग त्यांना अक्षरं लोंबकळत सोडतो, शक्यतो हात न उचलता. दोन शब्दांत जागा नाही, पूर्णविराम नाही. वेलांटी सगळी दीर्घ, उकार सगळे ऱ्हस्व. व्याकरणाचे मार्क कापण्यात जन्म गेलेल्या बाईला ही शिक्षाच म्हणायची. पहिले दोन दिवस मी फक्त आडनावं लावत होते. पाटील, पोवार, चौगले, जाधव ही ओळखीची असल्यानं अंदाजानं लागायची. गावांची नावं त्याहून अवघड. 'मौ॥' म्हणजे मौजे, पुढं गाव, 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा. तिसऱ्या दिवशी दुपारी पहिल्यांदा 'कुणबी' हा पूर्ण शब्द समोर आला आणि मी उगीचच मोठ्यानं वाचला. ऑफिसमधले सगळे टेबलाभोवती गोळा झाले. त्यानंतर तो बराच भेटला. कधी पूर्ण, कधी नुसता 'कु'. या 'कु'चं काय करायचं, यावर आमच्या ऑफिसात जी चर्चा झाली तिच्यापुढं विधानसभेची काहीच नाही. शेवटी ठरलं ते असं: जे लिहिलंय तेच लिहायचं. 'कु' असेल तर 'कु' असंच. अर्थ लावायला वर माणसं आहेत.

काम करता करता माझं लक्ष मात्र जातीच्या रकान्यावरून घसरायला लागलं.

आधी जन्मतारखा. १ जून, १ जून, १ जून. निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस एकाच दिवशी येतो, हे आपण हसून सांगतो. पण ती तारीख पडताना बघायला मिळाली ती इथं. प्राथमिकच्या खंडांत बऱ्याच जणांपुढं तारीखच नाही, नुसतं 'वय अंदाजे सात'. एके ठिकाणी कंसात 'मानमोडीच्या साली'. मानमोडी म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएन्झा. म्हणजे बापानं मास्तरांना सांगितलं असणार, 'मानमोडी आली तवा झाला बघा', आणि मास्तरांनी प्रामाणिकपणे तेच लिहिलं. पुढं हायस्कूलला तोच मुलगा आला तेव्हा इंग्रजी रजिस्टराला तारीख हवी होती. मिळाली एक जून.

मग 'पालक व राहण्याचे ठिकाण'. इंग्रजी खंडात तिथं बारीक अक्षरं होती, 'व्ही. एम. बी.' हे कोडं अर्ध्या तासानं सुटलं: व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग. शाहू महाराजांनी १९०१ साली काढलेलं. त्याच साली जैन बोर्डिंग, १९०६ ला मुस्लिम, १९०७ ला लिंगायत, १९०८ ला मिस क्लार्क हॉस्टेल अस्पृश्य समाजाच्या मुलांसाठी. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात हे वाक्य मी भाषणांत शंभर वेळा ऐकलं आहे, मुलांकडून निबंधात लिहूनही घेतलं आहे. ते खरं म्हणजे काय, ते त्या रकान्यात कळलं. खेड्यातला मुलगा शहरात शिकायला यायचा तर त्याला रात्री पाठ टेकायला जागा आणि दोन वेळची भाकरी लागते. १९०२ साली २६ जुलैला मागासवर्गासाठी नोकऱ्यांत पन्नास टक्के राखीव जागांचा हुकूम निघाला, १९१७ ला सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आलं, मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या बापाला महिना एक रुपया दंड. हे सगळं मोठं आहेच. पण आमच्या रजिस्टरात मुलगा हायस्कूलपर्यंत पोचलेला दिसतो तो बहुतेक वेळा कुठल्या तरी बोर्डिंगच्या आद्याक्षरांचा हात धरून.

दरबार एवढं करत असताना चार मास्तरांना वेगळी शाळा काढायची बुद्धी का झाली असेल? हा प्रश्न मला आधी कधी पडला नव्हता. भवानी मंडपाजवळची दरबारची शाळा केवढी जुनी, केवढी दिमाखदार. न्यायमूर्ती रानडे आणि गोपाळ कृष्ण गोखले कोल्हापुरातल्या सरकारी शाळेत शिकले, त्या परंपरेचा तिला वारसा. आमच्याकडं सांगायला असं एकही नाव नाही. पण त्या काळात पुण्याचं वारं सगळीकडं वाहत होतं. १८८० मध्ये चिपळूणकर-टिळकांनी न्यू इंग्लिश स्कूल काढलं आणि सरकारी नोकरी न करता, कमी पगारात, स्वतःची शाळा चालवणारा मास्तर हा एक नवाच नमुना तयार झाला. (त्या शाळेच्या मास्तरांना पहिला तुरुंग घडला तोही कोल्हापूरच्याच पायी. चौथ्या शिवाजी महाराजांच्या छळाबद्दल लिहिलं म्हणून इथले कारभारी माधवराव बर्वे यांनी खटला भरला आणि १८८२ मध्ये टिळक-आगरकर १०१ दिवस डोंगरीत राहून आले. नववीला हे शिकवताना वर्ग एकदम जागा व्हायचा. आपल्या गावाचं नाव आलं की पोरं कान देतात, मग ते नाव कशाला का आलेलं असेना.) आमच्या मास्तरांनी तो नमुना उचलला असावा. दरबारच्या शाळेत जागा मिळाली नाही, वय जास्त झालं, एकदा नापास झाला, असली पोरं ते घ्यायचे. 'आधीची शाळा' आणि 'शेरा' हे दोन रकाने शेजारी ठेवून वाचले की हे सरळ दिसतं.

स्वतंत्र शाळा म्हणजे काय, ते मात्र जनरल रजिस्टरात नव्हतं. ते मिळालं फीच्या वहीत. ही वही तपासायची असं पत्रात कुठंही नव्हतं, मी आपली चहाच्या वेळात उघडली. रुपये, आणे, पै असे तीन रकाने. गरीब मुलाची फी माफ, त्याला 'नादारी' म्हणत. पूर्ण माफ तो नादार, निम्मी माफ तो अर्धनादार. आमच्या लहानपणीही हा शब्द कानावर यायचा, मग ई.बी.सी. (आर्थिकदृष्ट्या मागासांची फी-सवलत) रुळली आणि तो गेला. खासगी शाळेला सगळ्यांनाच नादारी देऊन चालत नाही, कारण मास्तरांचा पगार त्याच फीतून निघतो. म्हणून आषाढात मास्तरांची बैठक व्हायची आणि यादी ठरायची. यादीत न बसलेल्या मुलांपुढं फी भरल्याची तारीख आणि 'हस्ते' असा रकाना. हस्ते स्वतः, हस्ते वडील, हस्ते मामा. आणि मग काही मुलांपुढं एकच सही, ऑगस्टला तीच, सप्टेंबरला तीच, दिवाळीनंतरही तीच. आधी वाटलं, कारकुनाची असेल. मग पगारवहीत ती सही सापडली. ड्रॉइंग मास्तर. त्यांच्या पगारापुढं 'पैकी रोख' म्हणून थोडी रक्कम आणि उरलेलं 'बाकी'. शाळेकडूनच पगाराची बाकी यायची असलेला माणूस शाळेला पोरांची फी भरत होता. आम्ही शिकलो तेव्हा त्यांचं नाव कुणी घेत नव्हतं, आजही त्यांचा फोटो शाळेत नाही. त्यांची जागा सध्या रिकामी आहे. म्हणजे ड्रॉइंग शिक्षकाची. मंजुरी कधी मिळणार, कुणी सांगत नाही. ऑफ तासाला पी.टी.चे सर मुलांकडून हत्ती काढून घेतात.

डिसेंबरात माणसं यायला लागली. आधी एकदोन, मग रोज ओळ. कुणाकडं झेरॉक्सची थप्पी, कुणाकडं नुसतं आजोबांचं नाव. बायका आल्या, 'मी सकाळपासनं थांबलोय, मला आधी सोडा' म्हणणाऱ्या. (बाहेरगावच्यांनी नोंद घ्यावी, कोल्हापुरात बाईसुद्धा 'मी आलो, मी गेलो'च म्हणते, तिथं व्याकरण काढायचं नाही. मी पस्तीस वर्षं काढून बघितलं.) शाळेचे माजी विद्यार्थी आले की काम बाजूला राहायचं आणि फुटबॉल निघायचा. आमच्या शाळेनं अमक्या साली कुठल्या शाळेला कसं हरवलं, गोल कुणी घातला, रेफरी कुठल्या पेठेचा होता. या गावात तालमी आणि पेठा अजून फुटबॉलवरून बोलायच्या बंद होतात. एक गृहस्थ नोंद मिळाल्यावरही तासभर बसले आणि जाताना दाखल्याची प्रत टेबलावरच विसरून गेले.

पन्हाळ्याच्या बाजूचा एक शेतकरी आला तो दुपारी, गर्दी ओसरल्यावर. पन्नाशीचा असेल. दाराबाहेर चपला काढल्या.

"बाई, आमच्या आज्याचं बघाय आलोय. आजा आणि त्याचा थोरला भाऊ, दोघं हितंच शिकाय हुते म्हणत्यात."

थोरला लगेच सापडला. शाळकरी वयात मामाकडं पेठेत राहायचा, म्हणून आमच्याच प्राथमिकमध्ये. १९२१, मोडी खंड दुसरा. मी ओळीवर पट्टी ठेवली आणि वाचायला लागले. नाव. बिन, बापाचं नाव. मौजे, गाव. जात कुणबी. अक्षर सुटसुटीत, 'कु'चा उकार खालच्या ओळीच्या रेघेत घुसलेला. त्यांनी वाकून बघितलं. मोडी त्यांना येत नव्हतं, तरी बराच वेळ बघत राहिले.

"हे कुणबी?"

"हे कुणबी."

"आणि त्यो पुढं मोठ्या शाळंत गेलता म्हणं."

गेला होता. १९२६, इंग्रजी खंड दुसरा. तेच नाव, तोच बाप, तेच गाव. वय अंदाजे सातच्या जागी १ जून. आणि जातीच्या रकान्यात, तिरप्या रेखीव इंग्रजीत, 'मराठा'.

एकाच इमारतीत, पाच वर्षांत, जिना चढून वरच्या मजल्यावर जाताना पोराची जात बदलली होती. मी दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या. हेडक्लार्कनी घसा खाकरला. कुणी खोटं लिहिलं असं मला वाटत नाही. खालच्या मजल्यावर मोडी लिहिणारे मास्तर जुन्या वळणाचे. बाप शेती करतो म्हणाला की त्यांच्या बोरूतून 'कुणबी' उतरत असेल. वर हेडमास्तर. आणि काळही तो. १९२० मध्ये महाराजांनी क्षात्रजगद्गुरूंचं, म्हणजे मराठ्यांच्या स्वतंत्र धर्मगुरूंचं, पीठ स्थापन केलं होतं, मराठ्यांचे विधी वेदमंत्रांनी करायचे की नाही हा वेदोक्ताचा वाद होऊन वीस वर्षं झाली होती, सत्यशोधकांचे जलसे गावोगाव फिरत होते. शेतकऱ्याला ताठ मानेनं 'मराठा' सांगावंसं वाटत होतं. त्यात पोराला घालायचं होतं मराठा बोर्डिंगात. तिथं काय लिहायचं, हे बापाला कुणी तरी सांगितलंही असेल. शंभर वर्षांपूर्वी ज्या शब्दानं मान वर झाली, तोच शब्द आज नातवाच्या कामाला अडत होता, आणि जो टाकून दिला होता तो हवा होता.

"मग ह्यातलं खरं कुठलं?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, "दोन्ही आपल्याच रजिस्टरात आहेत."

"दोन्ही दाखवाय लागतील काय?"

याचं उत्तर हेडक्लार्कनी दिलं. ज्या नोंदीचा अर्ज कराल तिची नक्कल मिळते. आमच्या अहवालात मात्र दोन्ही जाणार. त्यांनी मान हलवली, अर्ज लिहून दिला. थोरला चुलत आजोबा वंशावळीत बसत होता, त्यांचं काम होण्यासारखं होतं. मग म्हणाले, "आता आमच्या आज्याचं बघा की. कामाला न्हाई लागत. पण बघा."

आजा धाकटा. गावातच चौथी झालेला, मग थेट इथं हायस्कूलला. साल त्यांना ठाऊक नव्हतं, थोरल्यानंतर सातआठ वर्षांनी. म्हणजे खंड तिसरा.

"तो खंड नाही आमच्याकडं."

"पुरात गेला?"

"नाही. आधीपासनंच नाही."

त्यांनी थोरल्याच्या ओळीचा मोबाइलवर फोटो काढला. मग विचारलं, ह्या शेवटच्या घरात काय लिहिलंय? वर्तणूक, चांगली. सोडल्याचं कारण, वडील वारले. शेरा, नादार.

"नादार म्हंजे?"

सांगितलं. ते हसले. "म्हंजे तवाबी फुकटच व्हय."

पुढचे खंड भराभर उरकले. त्यातल्या एका जागी मात्र मी थांबले. फेब्रुवारी १९४८. एका पाठोपाठ एक मुलं शाळा सोडून गेलेली, सगळ्यांचं कारण एकच, 'स्थलांतर'. आडनावं वाचली की कळतं. गांधीजींच्या खुनानंतर कोल्हापुरात ब्राह्मणांची घरं जळली, त्या दिवसांची ही पानं. हेडमास्तरांनी एकच शब्द इतक्या वेळा, इतक्या सारख्या अक्षरात लिहिलाय की शिक्का मारल्यासारखा वाटतो. त्यांचं स्वतःचं आडनाव त्याच यादीतल्या आडनावांसारखं. ते मात्र गेले नाहीत. पुढची दहा वर्षं रजिस्टर त्यांच्याच हातचं आहे. याबद्दल शाळेत कधी कुणी अवाक्षर काढल्याचं मला आठवत नाही, आणि मीही कधी विचारलं नव्हतं. वर्षभरानं, १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं आणि 'करवीर' जाऊन 'जिल्हा कोल्हापूर' आलं. थोड्याच पानांनंतर इंग्रजीही गेली.

मुली दिसायला लागतात त्या त्यानंतर. कोल्हापुरात रखमाबाई केळवकरांच्या हाताखाली मुलींच्या शिक्षणाचं काम एकोणिसाव्या शतकातच चाललेलं, त्या मानानं आमचे मास्तर मागासच म्हणायचे. पहिल्या मुलीपुढं 'शेरा' रकान्यात लिहिलंय: 'बसण्याची वेगळी सोय करावी.' सोय म्हणजे मास्तरांच्या टेबलाशेजारी एक खुर्ची. आमच्या वेळपर्यंत ती खुर्ची वर्गात तशीच होती आणि शिक्षा म्हणून पोरांना तिच्यावर बसवत.

माझी स्वतःचीही ओळ सापडली, अर्थात १९६७ नंतरची, तपासायची नसलेली. वर्तणूक: 'बरी'. माझ्या बॅचच्या सगळ्यांची 'चांगली' आहे. मी तिथंच हेडक्लार्कना म्हणाले, ही उघड लेखनचूक आहे. ते म्हणाले, संहिता बघावी लागेल.

अहवाल गेला जानेवारीच्या शेवटी. तपासलेल्या एकूण नोंदी, आढळलेल्या नोंदी, कोणत्या लिपीत, वाचणाऱ्याची सही. शेऱ्यात 'खंड ३ उपलब्ध नाही'. मीही तीच ओळ उतरवली, आधीच्या सगळ्या क्लार्कांसारखी.

मग फेब्रुवारीत मामांनी दुसरं कपाट आवरताना आवक-जावकची जुनी वही काढली, बांधणी सुटलेली. चहा पिता पिता मी पानं उलटत होते. १९६२ चं पान. जावक: 'जनरल रजिस्टर खंड ३, जन्मतारखेच्या दाव्याच्या कामी हजर केले. परत मिळताच पोच देण्यात येईल.' खाली टाचणीला गंजलेली एक पावती, शिक्क्यासह. कुणा नोकरदारानं आपण रजिस्टरात लिहिल्यापेक्षा लहान आहोत असा दावा लावला असणार. निवृत्ती पुढं ढकलायची ही जुनीच वहिवाट. दाव्याचं काय झालं देव जाणे, रजिस्टर तिकडंच राहिलं. कुठं, ते इथं लिहीत नाही. गावात सगळ्यांना अंदाज येईलच.

हेडक्लार्कनी त्याच दिवशी पत्र टाइप केलं. विषय: जनरल रजिस्टर खंड ३ परत मिळणेबाबत. संदर्भ: आपली पावती, १९६२. मी म्हणाले, साठ वर्षं झाली म्हणून जरा खेद वगैरे व्यक्त करूया का? ते म्हणाले, "नको बाई. नुसतं विलंबाने मागणी करत आहोत, एवढंच लिहू."

मामा सायकलवरून पत्र देऊन आले. तिथल्या टेबलावरच्या मुलीनं पावती बघितली, मग मामांकडं बघितलं, आणि आवकचा शिक्का मारून दिला.

पन्हाळ्याकडच्या त्या गृहस्थांचा मार्चमध्ये फोन आला. पोराचा दाखला झाला होता. "आणि ती तिसरी वही?"

पत्र दिलंय, म्हटलं. एप्रिलमध्ये स्मरणपत्र क्रमांक १ गेलं. क्रमांक २ चा मसुदा तयार आहे, सहीसाठी मुख्याध्यापक सुट्टीवरून यायचे आहेत.